मतदानासाठी काढलेले हात: तुमच्या चित्रामुळे कुणी केंद्रापर्यंत गेलं का?

शाईरेघ
१२ जानेवारी, रात्री ९.४०

येत्या २५ तारखेला राष्ट्रीय मतदार दिवस. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० ची, आणि २०११ पासून हा दिवस पाळला जातो. त्यानिमित्त इथले बरेच जण पोस्टरं, रांगोळ्या, भिंतचित्रं करतील म्हणून हा धागा आधीच काढते आहे.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या इमारतीपुरतं काही करावं असं मनात आलं. पहिल्यांदा पार फसलं, नंतर थोडं जमलं.

आधी फसलेलं सांगते. मोठ्या कार्डशीटवर जलरंगात एक बाई काढली. हसरा चेहरा, वर केलेला हात, तर्जनीवर शाई. खाली ठळक अक्षरांत 'चला, मत देऊ या'. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. जिन्याजवळच्या फलकावर लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फलक रिकामा. चौकशी केली तेव्हा कळलं, इमारतीच्या समितीतल्या कुणीतरी उतरवलं होतं. कारण काय, तर 'हा पंजाचा प्रचार आहे'. हात वर केला की तळहात समोर येतो, पाच बोटं पसरतात, आणि मी तसाच काढला होता. मला एका शब्दानं न विचारता चित्र उतरवलं याचं खूप वाईट वाटलं. रात्री ते टेबलावर उभं करून लांबून पाहिलं तेव्हा मात्र पटलं, आक्षेप घेणाऱ्याचं चुकलं नव्हतं. लांबून शाई दिसतच नव्हती. दिसत होता तो फक्त पंजा.

मग दुसरं काढायला बसले आणि काय काय काढायचं नाही याची यादी वाढतच गेली. कमळ नको, घड्याळ नको, मशाल, धनुष्यबाण, तुतारी, रेल्वे इंजिन, झाडू, सायकल, हत्ती, कंदील, काहीच नको. अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांची यादी उघडली तर तिथे फुगा, बॅट, कपाट, शिट्टी, शिलाई मशीन, प्रेशर कुकर, पेन ड्राइव्ह. घरातली कुठलीही वस्तू उचला, ती कुणाची तरी निशाणी आहे किंवा उद्या होऊ शकते.

तेव्हा सुचलं की वस्तू सोडून द्यावी आणि माणसाचा हातच काढावा. 'मतदारा'चा हात नव्हे, तळमजल्यावरच्या काकांचा, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा, ज्याचा त्याचा. पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापले. ज्यांना चालेल त्यांच्या घरी जाऊन बसले आणि त्यांचा डावा हात समोर ठेवून पेन्सिलीनं काढला. मूठ सैल मिटलेली, तर्जनी पुढे, हाताची मागची बाजू वर. त्या ठेवणीत पंजा दिसायची सोयच नाही. सगळ्या हाताला छटा दिल्या, शिरा, सुरकुत्या, अंगठी, सगळं. फक्त तर्जनीचं नख आणि त्याखालचा भाग कोरा ठेवला. मत देऊन आल्यावर तिथली रेघ ज्याची त्यानं आपल्या पेनानं ओढायची. कार्डाच्या मागे नाव, यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्राचं नाव, खोली, तारीख आणि वेळ.

असे ४१ हात काढले.

आता खरं सांगायचं ते. एक हात काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हात हलवता येत नाही, त्यामुळे माणूस बोलत बसतो. आणि त्या बोलण्यात मला कळलं की 'लोक उदासीन आहेत' हे मी जे धरून चालले होते ते आमच्या इमारतीत तरी बहुतेकांना लागू नव्हतं. एकाचं नाव जुन्या पत्त्यावरच होतं. एका जोडप्यातल्या एकाचं नाव यादीत होतं, दुसऱ्याचं नव्हतं. एक आजी मागच्या खेपेला शाळेच्या चुकीच्या दारातून परत आल्या होत्या, तासभर उभं राहून, आणि ते त्यांनी घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. माझं सुंदर पोस्टर फलकावर राहिलं असतं तरी यातलं काहीच मला कळलं नसतं.

तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही लिहा.

---

कोरा_कॅनव्हास
१२ जानेवारी, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. लोक हात काढून घ्यायला तयार कसे झाले? आणि कार्डामागे अनुक्रमांक वगैरे लिहायचा तर त्यांची माहिती कुठून घेतली?

---

शाईरेघ
१२ जानेवारी, रात्री १०.४०

पहिले दोन हात ओळखीतले काढले, ते पाहून बाकीच्यांनी बोलावलं. चेहरा काढू का विचारलं असतं तर निम्मे लाजले असते. हाताला कुणी लाजत नाही. माहिती मी कुठूनही काढली नाही. त्यांच्याच फोनवर, त्यांनीच आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधलं, मी फक्त उतरवून घेतलं. ज्यांना नको होतं त्यांची मागची बाजू कोरी ठेवली.

---

मतपेटी
१३ जानेवारी, सकाळी ७.०५

ताई, मी सरकारी नोकरीत असताना अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे. तुमचं काम मनापासून आवडलं. पंजाचा प्रसंग वाचून २०१२ च्या उत्तर प्रदेश निवडणुकीची आठवण झाली. तिथे आयोगानं उद्यानांतले दगडी हत्ती झाकायला लावले होते, कारण हत्ती एका पक्षाचं चिन्ह. पुतळ्याला जे लागू तेच तुमच्या पोस्टरला लागू होईल असं माझं म्हणणं नाही, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत चिन्ह किती खोल बसलेलं असतं ते यावरून समजतं.

आणि ते बसलं त्याला कारण आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतपत्रिका हवी त्या पेटीत टाकायची. म्हणजे आपल्याकडे माणूस मतदान करायला शिकला तो चित्र बघून. पुढे आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते, त्यांनी पेन्सिलीनं यातली कितीतरी चिन्हं रेखाटली. रोजच्या वापरातल्या वस्तू, साध्या रेषेत, काळ्या-पांढऱ्यात. लांबून, कमी उजेडात, वाचता न येणाऱ्यालाही ओळखू यावं म्हणून. तुम्हा चित्रकारांना त्यातली कसोटी माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता कामाच्या तीन गोष्टी, कारण उत्साहात लोकांकडून चुका होतात.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत निवडणुकीशी संबंधित कोणतीही सूचना किंवा फलक लावता येत नाही, अधिकृत सूचना सोडून. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३०. आपलं चित्र कुठल्याच पक्षाचं नाही, नुसतं 'मत द्या' म्हणतं, असं सांगून उपयोग नाही. मी स्वतः शाळेच्या फाटकावरून मुलींनी काढलेलं फार गोड पोस्टर उतरवायला लावलं आहे. जड गेलं, पण नियम सगळ्यांना सारखा हवा.

दुसरं, 'बोटावरची शाई दाखवा आणि चित्र फुकट घेऊन जा' असली योजना करू नका. मत दिल्याबद्दल बक्षीस देणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये लाचेच्या व्याख्येत येतं, आणि तिथे कोणाला मत दिलं हा मुद्दाच नाही. मतदानाचा हक्क बजावला म्हणून देणं, एवढंही त्यात बसतं. ताईंनी कार्ड आधीच दिलं आणि कुठलीच अट घातली नाही, ते बरोबर केलं.

तिसरं, सरकारी किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर लेखी परवानगीशिवाय रंगवू नका.

शाईबद्दल सवडीने लिहितो, कारण चित्रांत ती निम्म्या वेळा चुकीची असते.

---

रंगपेटी
१३ जानेवारी, सकाळी ११.३०

मतपेटी काका, शाईबद्दल नक्की लिहा. मी आजवर नेहमी उजव्या हाताचं बोट आणि टोकावर गडद निळा ठिपका काढत आले.

---

मतपेटी
१३ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

तेच सांगायचं होतं. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते. आणि ती ठिपका नसते, २००६ पासून रेघ असते. नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या खालपर्यंत उभी. दोन नंबरचा मतदान अधिकारी ती लावतो. बोट आधी पाहतो, तेल-बिल असेल तर पुसायला लावतो, मग काडीनं रेघ ओढतो.

रंगही निळा नाही. लावताना जांभळट दिसते, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, त्वचेवरच्या क्षाराशी मिसळून आणि उजेड लागून ती काळपट-तपकिरी होते. त्वचेवरची काही दिवसांत जाते, नखावरची नख वाढेल तशी पुढे सरकत जाते. १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे आणि म्हैसूरच्या कारखान्यात बनते, कर्नाटक सरकारचा उपक्रम आहे तो.

केंद्रावर दिवसभर हजाराच्या घरात बोटं डोळ्यांखालून जातात. चुन्यानं फाटलेली, हळदीनं पिवळी, ग्रीसनं काळी. ताईंनी हात काढायचं ठरवलं तेव्हा मला ती सगळी आठवली.

---

शाईरेघ
१३ जानेवारी, रात्री ९.१०

काका, मीही आधी ठिपकाच ठेवणार होते. आयोगाच्या एका सूचनापत्रातलं चित्र पाहून रेघ केली.

हातांवरून एक आठवलं. दुसऱ्या मजल्यावर एक फिटर काका राहतात, आता घरीच असतात. त्यांच्याकडे गेले तर ते डावा हात पाठीमागे ठेवून बसले. डाव्या तर्जनीची दोन पेरं प्रेस मशीनमध्ये गेलेली. म्हणाले, 'माझं काय काढणार, बोटच नाही.' मला त्या क्षणी काही सुचेना. मग त्यांनाच विचारलं, तुम्हाला शाई कुठे लावतात? तर ते एकदम खुलले. 'मधल्या बोटाला लावतात, साहेब स्वतः बघून लावतो.' त्यांचा हात मी तसाच काढला, तर्जनीचं खुंट होतं तसं, आणि कोरी जागा मधल्या बोटावर ठेवली. सगळ्या ४१ कार्डांत ते एक वेगळं. मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांनी माझी बेल वाजवली, रेघ ओढून झालेली होती.

---

मतपेटी
१३ जानेवारी, रात्री ९.३५

नियमच आहे तसा. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला. डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजवी तर्जनी. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

झरणी
१४ जानेवारी, दुपारी १.००

कल्पना छानच, पण एक सुचवू? ही कार्डं घरोघरी राहिली तर त्यांचा परिणाम तिथेच संपतो. फलकावर सगळे हात एकत्र लावा, आणि मत देऊन येईल त्यानं आपल्या हातावर रेघ ओढावी. दुपारपर्यंत कोणाचं बोट कोरं आहे ते सगळ्यांना दिसेल. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००६ मध्ये असा मोठा प्रयोग झाला आहे. शेजाऱ्यांपैकी कुणी मत दिलं, कुणी नाही, हे पत्रानं कळवलं आणि निवडणुकीनंतर पुन्हा कळवू असंही लिहिलं. त्या घरांमधलं मतदान साधारण ८ टक्के गुणांनी वाढलं. नुसतं 'मतदान हे कर्तव्य आहे' लिहिलेल्या पत्रानं दोनही वाढलं नाही. लाज हे साधन काम करतं, मग ते वापरायला काय हरकत आहे?

---

अनवट
१४ जानेवारी, दुपारी १.४५

मला हरकत आहे. मी मागच्या वेळी मत दिलं नाही, आणि ते विचार करून दिलं नाही. माझ्या हाताचं चित्र कोऱ्या बोटासह जिन्यात टांगलेलं असतं तर मी पुढच्या निवडणुकीत गेलो असतो, पण ताईंशी पुन्हा बोललो नसतो.

---

झरणी
१४ जानेवारी, दुपारी २.१०

अनवट, तुमच्यासारख्यांसाठीच नोटा आहे ना? २०१३ पासून आहे. जाऊन नकार नोंदवा. घरी बसून नोंदवलेला नकार कुणाला दिसतो?

---

अनवट
१४ जानेवारी, दुपारी ३.००

नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांतला पहिला निवडून येतो. पण मुद्दा तो नाही. मत न देण्याचा हक्कही माझाच आहे. तुम्ही मला पटवा, माझ्याशी भांडा, मी ऐकेन. मला शेजाऱ्यांसमोर उभं करू नका.

---

शाईरेघ
१४ जानेवारी, रात्री ८.५०

झरणी, तो प्रयोग मी वाचला आहे आणि आकडा खरा आहे. तरी मी तसं करणार नाही. कारण साधं आहे. हात काढायला लोकांनी मला घरात घेतलं, खुर्ची दिली, अंगठी अडकली होती ती साबण लावून काढून दाखवली. तो हात मी नंतर त्यांच्याविरुद्ध फलकावर लावला तर ती मी त्यांना केलेली फसवणूक होईल. कार्ड त्यांचं आहे. रेघ ओढली की नाही हे मी एकालाही विचारलं नाही.

आणि लाजेनं गेलेल्या माणसाला मदत मिळत नाही. चुकीच्या दारातून परत आलेल्या त्या आजी आठवा. फलकावर त्यांचं बोट कोरं दिसलं असतं तर त्या मला आळशीच वाटल्या असत्या.

त्याच संशोधकांपैकी दोघांचा, गर्बर आणि ग्रीन यांचा, आधीचा एक प्रयोग आहे. १९९८ च्या निवडणुकीत न्यू हेवन शहरात केलेला. दारावर जाऊन समोरासमोर बोललं तर मतदान चांगलं वाढलं, टपालानं पत्र पाठवलं तर किंचित, आणि फोननं काहीच नाही. मला तो जास्त जवळचा वाटतो. माझं चित्र त्या दारावरच्या भेटीचं निमित्त आहे, इतकंच मी मानते.

---

झरणी
१४ जानेवारी, रात्री ९.२०

साबण लावून काढलेली अंगठी वाचली आणि माझं म्हणणं मागे घेते. फलकाचा विचार मी चित्रकार म्हणून केला होता, हात दिलेल्या माणसाचा केला नव्हता.

---

दोन_गावं
१५ जानेवारी, सकाळी ८.३०

माझा विषय थोडा वेगळा. माझं नाव गावच्या यादीत, काम शहरात. गावी जाऊन मत द्यायचं म्हणजे येण्याजाण्याचे दोन दिवस आणि तेवढा पगार. मी राहतो त्या खोलीत आम्ही सहा जण आहोत, सहाही तसेच. आमचे हात काढून काय होणार?

---

मतपेटी
१५ जानेवारी, सकाळी ९.१५

दोन गोष्टी सांगतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा आस्थापनेत काम करणाऱ्याचा हक्क आहे, कलम १३५ ब. मालकानं पगार कापला तर दंड आहे. आणि तुम्ही शहरात नेहमीसाठी राहत असाल तर नमुना ८ भरून नाव इकडे हलवता येतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं मात्र गुन्हा आहे. १९५० या क्रमांकावर फोन करून विचारून घ्या.

बाहेरगावच्या मतदारांसाठी दुसऱ्या ठिकाणाहून मत देता येईल असं यंत्र आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांसमोर मांडलं होतं. ते वापरात आलेलं नाही.

---

दोन_गावं
१५ जानेवारी, दुपारी १२.४०

भरपगारी सुट्टीचं माहीत नव्हतं. पण नाव इकडे आणायचं मनात येत नाही काका. गावची यादी सोडली की गाव सुटल्यासारखं वाटतं. ग्रामपंचायतीला तर मला तिथेच मत द्यायचंय.

---

शाईरेघ
१५ जानेवारी, दुपारी २.२५

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. पेन्सिलीनं हे सुटत नाही. तुमच्या खोलीतले सहा हात मला काढायला आवडतील, कोऱ्या बोटांचेच, तुमची परवानगी असेल तर. ते मतदान करा सांगण्यासाठी नसतील. सहा माणसांना मत द्यायचं आहे आणि देता येत नाही, हे दाखवणारं चित्र मी अजून कुठे पाहिलेलं नाही.

---

दोन_गावं
१५ जानेवारी, रात्री १०.५०

विचारतो सगळ्यांना.

---

फळा_खडू
१६ जानेवारी, दुपारी ४.००

मी शाळेत शिकवते. निवडणुकीच्या आधी मुलांकडून संकल्पपत्रं भरून घेतात, पालकांनी मतदान करू म्हणून सही करायची. त्यासोबत चित्रकला स्पर्धाही असते. तीस मुलांची तीस चित्रं एकसारखी येतात: भारताचा नकाशा, तिरंगा, यंत्र, बोट. मुलांचा दोष नाही, आपण त्यांना घोषणा देतो आणि घोषणेचं चित्र मागतो.

गेल्या वेळी मी घोषणा दिलीच नाही. म्हटलं, घरातल्या एका माणसाला विचारा, तू पहिल्यांदा मत दिलंस तो दिवस कसा होता, आणि जे सांगेल ते काढा. एका मुलानं आजोबांचं चित्र काढलं, पावसात डोक्यावर गोणपाट घेतलेले. एकीनं आईला पोटात बाळ घेऊन रांगेत उभी काढली, आणि बाळाकडे बाण करून 'मी'. एका मुलीच्या आजीनं कधीच मत दिलं नव्हतं. तिनं कोऱ्या कागदावर फक्त दार काढलं, आणि दाराआड आजी. त्या मुलीला मी सर्वात जास्त वेळ दिला, आणि तिची परवानगी घेऊन ते चित्र प्रदर्शनात न लावता तिच्या घरी पाठवलं.

---

रंगपेटी
१६ जानेवारी, दुपारी ४.३०

पोटातल्या बाळाकडे बाण! डोळे भरले.

---

माजघर
१६ जानेवारी, रात्री ९.००

दाराआडच्या आजीवरून लिहिते. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत येऊ शकली नाहीत. कठोर निर्णय होता, पण त्यामुळे पुढच्या वेळी बायकांची नावं नोंदली गेली.

शाईरेघ ताई, तुमच्या कार्डावर नाव कुठे आहे? मागे की पुढे?

---

शाईरेघ
१६ जानेवारी, रात्री ९.४५

मागे होतं. तुमचं वाचून आता वाटतंय पुढे हवं.

चुकीच्या दारातून परतलेल्या आजींची यातली हकीकत राहिली. यादीत त्यांचं सासरचं नाव आहे. मी ते कार्डावर लिहू लागले तेव्हा म्हणाल्या, 'थांब, ते मागे लिही. पुढे माझं नाव लिही, माहेरचं.' मी लिहिलं. त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं आणि ते नाव मोठ्यानं उच्चारलं. घरातल्या सुनेला ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

---

स्पर्श
१८ जानेवारी, सकाळी १०.१०

मला दिसत नाही. हा धागा फोन वाचून दाखवतो आहे. मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये क्रमांक असतात, हवा तर सोबतीही नेता येतो. मी एकट्यानं बटण दाबतो आणि त्याचा मला फार अभिमान आहे. मतदानाच्या मोहिमेतलं एकही चित्र मात्र माझ्यापर्यंत कधी पोचलेलं नाही. तुमचे हात मला कसे कळतील?

---

शाईरेघ
१९ जानेवारी, रात्री ११.००

काल दिवसभर याच्यावर बसले होते. जाड हातकागद घेतला, खाली रबरी चटई ठेवली आणि उलट्या बाजूनं, आरशातल्यासारखं, न चालणाऱ्या बॉलपेननं दाबून हात काढला. पुढच्या बाजूला रेषा वर उठते. पहिल्या खेपेला शिरा-सुरकुत्या सगळ्या काढल्या, डोळे मिटून बोट फिरवलं तर नुसता खरखरीत गोंधळ. दुसऱ्या वेळी फक्त बाहेरची रेषा, सांध्यांवर तीन आडव्या रेघा आणि नखाची कमान. तेव्हा हात कळला. तर्जनीवरची जागा गुळगुळीत ठेवली आहे. शाईच्या जागी चिकटवायला मेणाचा दोरा देईन.

स्पर्श, पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळवाल का? तुमचाच हात हवा असेल तर कागदावर डावा हात ठेवून घरात कुणाकडून तरी कडेनं रेष मारून घ्या, त्यावरून करते.

---

स्पर्श
१९ जानेवारी, रात्री ११.२०

निरोप पाठवला. रेष माझ्या मुलीनं मारली आहे, करंगळीपाशी थोडी घसरली. तशीच ठेवा.

---

कोरा_कॅनव्हास
२१ जानेवारी, सायंकाळी ७.४५

या धाग्यामुळे मीही चार हात काढले. एकाचं नाव यादीत सापडलं नाही. आता तेच काम लागलं आहे.

अवांतर: मतदानासाठी चित्र काढणाऱ्यांचा इतिहास शोधताना कळलं की इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये आर्टिस्ट्स सफ्रेज लीग आणि १९०९ मध्ये सफ्रेज अटेलिए अशा चित्रकारांच्या संघटना होत्या, बायकांना मताधिकार मिळावा म्हणून पोस्टरं करणाऱ्या. अटेलिएमध्ये बायकांना लाकडी ठशांची छपाई शिकवत, म्हणजे छापखान्यावर अवलंबून न राहता हातानं प्रती काढता येतील. मत मिळण्याच्या आधी चित्र काढणारे हात. शाईरेघ ताई, ठसा करून पाहायचा का, म्हणजे चाळीसांच्या पुढे जाता येईल?

---

शाईरेघ
२१ जानेवारी, रात्री ८.३०

ठसा केला की हात एकच होतो. मागच्या बाजूचा मजकूर, म्हणजे नाव शोधायचं कसं, कुठला नमुना भरायचा, हे ठशानं छापू या. पुढचा हात हातानंच.

---

शाईरेघ
२६ जानेवारी, रात्री ९.००

कालचं सांगते. मतदार दिवसाला मोठं काही केलं नाही. खाली टेबल टाकून बसले. सहा हात झाले.

त्यातला एक तळमजल्यावरच्या मुलीचा. डिसेंबरात अठरा पूर्ण झाली. आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा असतात, त्यामुळे तिला लगेच नाव नोंदवता येतं हे तिला माहीतच नव्हतं. डावा हात माझ्यासमोर टेबलावर आणि उजव्या अंगठ्यानं फोनवर नमुना ६ भरत बसली. जन्मतारखेचा पुरावा मागितला तेव्हा वर जाऊन दाखला आणला. परत येऊन हात होता तसा ठेवायचा प्रयत्न केला, पण बोटं थोडी वेगळी पडली, त्यामुळे करंगळी दोनदा काढली आहे आणि दोन्ही रेषा दिसतात.

तिच्या नखांना गडद नेलपॉलिश होतं. तिनं विचारलं, यावरून शाई लावली तर ती दिसणार कशी? मला सांगता आलं नाही. मतपेटी काका?

---

मतपेटी
२६ जानेवारी, रात्री ९.२५

रेघ नखावरून खाली त्वचेवर येते, त्वचेवरची दिसते. नखावरची पॉलिशबरोबर निघून जाईल. तिला म्हणावं, त्या दिवशी तेवढं एक बोट मोकळं ठेव.